तलवारखान

वर्षभर या सदरात मला एक पान मिळते, आणि त्या पानाच्याही खालच्या कोपऱ्यात केसांच्या तेलाची जाहिरात ठाण मांडून बसलेली असते. दिवाळी आली की संपादक उदार होतात. "या वेळी ऐसपैस लिहा," म्हणून निरोप पाठवतात. ऐसपैस लिहायला सांगितले की माझ्यासारख्याची पंचाईत होते. पोळी कुणालाही लाटता येते. खापरावरचा मांडा हातावर फिरवायला खानदेशातली सुगरणच लागते.

पण यंदा विषय माळ्यावरून खाली पडला. शब्दशः पडला. साफसफाईसाठी आमच्या सौ.नी माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी ओढली, आणि तिच्याबरोबर एक पितळी कप घरंगळत येऊन माझ्या पायावर आदळला. वीतभर उंच, एक कान तुटलेला, अंगावर हिरवट कळा चढलेली. सौ.नी पदराने पुसून अक्षरे वाचली : "उत्कृष्ट धावते वर्णन, जळगाव, जानेवारी १९७५."

"घासायचा, की मोडीत घालायचा?" त्यांनी विचारले.

वाचकहो, पन्नास वर्षे झाली, या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो. मात्र त्यासाठी आधी धुळ्याला जावे लागेल, आणि धुळ्याच्या एका ओट्यावरून मुंबईच्या एका पारशी गृहस्थाचा आवाज ऐकावा लागेल.

आमच्या धुळ्यात देवळांना नावे आहेत आणि गल्ल्यांना नंबर. अशाच एका नंबराच्या गल्लीत आमचे घर. आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली, आणि १९५० साली माझा जन्म झाला तोवर पुरता अंधार झाला होता. त्यांनी मला कधीच पाहिले नाही. बारशाच्या दिवशी माझ्या तोंडावरून हात फिरवून "नाक आमच्याकडचं आहे, बाकीचं व्याह्यांचं," एवढा निकाल त्यांनी दिला होता, असे आजी सांगे.

नजर जात चालली होती त्याच काळात त्यांना रेडिओ भेटला. १९४० च्या आगेमागे गल्लीत रेडिओ एकच, वकीलसाहेबांचा. कपाटाएवढा. वर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. क्रिकेटच्या दिवसांत वकीलसाहेब तो खिडकीशी ठेवत आणि ओट्यावर पंधरावीस मंडळी जमत. रेडिओवरचा आवाज इंग्रजीत बोले आणि मंडळींना इंग्रजीचा गंध नसे. मग आजोबा, ज्यांना स्वतःला काही दिसत नव्हते, ते ऐकून ऐकून मराठीत सांगत : गोरा पुढे सरसावला, बॅट फिरवली, चेंडू कुंपणाशी गेला, चार. ओटा माना डोलवी. आंधळ्याने डोळसांना खेळ दाखवावा, हा प्रकार आमच्या गल्लीत रोजचा होता.

तो आवाज होता ए. एफ. एस. तल्यारखान यांचा. मुंबईत त्यांना सारे बॉबी म्हणत. १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि मुसलमान संघांचा सामना झाला, त्याचे धावते वर्णन त्यांनी रेडिओवरून केले. क्रिकेटचे धावते वर्णन आपल्या देशात तिथून रुजले असे मानतात. त्या वेळी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नावदेखील जन्माला यायचे होते. ते १९३६ साली आले. आवाज भरदार, गोष्टींचा साठा अखंड, आणि दम असा की सकाळी जो माइक हातात घेत तो फक्त जेवणाला आणि चहाला खाली ठेवत. दिवसभर एकटेच. जोडीला दुसरा माणूस नाही, आकडे सांगणारा नाही, मते देणारा नाही. मत असले तर ते स्वतःच देत, आणि मत नसले असे कधी घडत नसे. पुढे 'ब्लिट्झ'मध्ये आणि उतारवयात 'मिड-डे'मध्ये त्यांनी स्तंभ लिहिले, त्यांतही तोच फटकळपणा. क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी, निवड समिती, राजेरजवाडे, कुणाचीही भीड त्यांनी ठेवली नाही. १९९० साली ते वारले.

आमच्या ओट्याला तल्यारखान हे आडनाव काही झेपेना. ओट्याने त्याचे 'तलवारखान' केले. "आज तलवारखान आहे का हो?" अशी चौकशी सकाळपासून सुरू व्हायची. एकदा आजोबांनी दुरुस्ती करून पाहिली. त्यावर आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "असू द्या हो काका. कापतो ना? मग तलवारखानच."

हा माणूस कापे म्हणजे नेमके काय करी, ते सांगितले पाहिजे. तरुण वाचकांना ठाऊक नसेल, पण त्या काळी मुंबईत क्रिकेट धर्मावर खेळले जाई. हिंदूंचा एक संघ, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक. १९१२ साली चौरंगी सामने झाले, १९३७ साली 'इतर' नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाले. खेळ पहिल्या प्रतीचा. आपले विजय हजारे धर्माने ख्रिस्ती, म्हणून 'इतर' संघातून खेळत. १९४३ च्या मोसमात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! असे सामने म्हटल्यावर मैदान तुडुंब भरे, आणि वर्णन करणाऱ्याच्या आवाजाला सोन्याचे मोल येई.

अशा सामन्यांना नावे ठेवणे म्हणजे ज्या फांदीवर बसायचे तिलाच कुऱ्हाड लावणे. तल्यारखानांनी ती लावली. धर्माच्या नावाने संघ पाडून खेळणे देशाला घातक आहे, हे बंद करा, असे ते उघडपणे म्हणू लागले. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गेली, तेव्हा महात्मा गांधींनीही हे सामने आपल्याला पसंत नसल्याचे सांगितले. तरी सामने चालूच राहिले; गर्दीही राहिली आणि गल्लाही राहिला. शेवटी १९४६ साली ते थांबले. ज्या सामन्यांनी तल्यारखानांना घरोघर पोचवले, त्यांच्याच विरुद्ध ते बोलत राहिले.

आजोबा याला फार मानत. मात्र त्याच माणसाची दुसरी एक गोष्ट त्यांना पटत नसे. १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा रेडिओने ठरवले की यापुढे एक नव्हे, तीन जण आळीपाळीने वर्णन करतील. तल्यारखानांनी काम सोडले. माइक वाटून घ्यायला ते तयार नव्हते. "पहिलं होतं ते पाणी," आजोबा म्हणत, "आणि हे दुसरं नुसतं मीपण. माणूस एकच, तोंडही एकच. आपलं आपण निवडून घ्यावं." १९५४-५५ साली आपला संघ प्रथमच पाकिस्तानात गेला, तेव्हा तल्यारखान पुन्हा रेडिओवर ऐकू आले. पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. असा निजवणारा खेळ आणि त्यावर हा आवाज! मी तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला, त्यामुळे मला काही आठवत नाही. पण ओटा त्या दिवसांत पुन्हा भरला होता, असे आजी सांगे.

मी आठ-नऊ वर्षांचा झालो, तेव्हा आजोबांनी मला कामाला लावले. रविवारी त्यांचा हात धरून मैदानावर न्यायचे, सावली बघून बसवायचे, आणि काय चालले आहे ते सांगायचे. माझी पहिली दोन वर्षे बोलणी खाण्यात गेली. "चेंडू जोरात गेला," असे मी म्हणे. "कुठे गेला? चिंचेकडे, की शाळेच्या भिंतीकडे?" "छान मारला!" "छान ते मी ठरवीन. तू फक्त पाय कुठे होता ते सांग." एकदा आमच्या गल्लीचा संघ हरत होता. मला ते सांगवेना, म्हणून मी दोन धावा पदरच्या घातल्या. आजोबांनी फळ्याशी बसलेल्या मुलाला हाक मारून धावसंख्या विचारली, मग बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "बाळ, या दोन धावा तू कुठून आणल्यास? त्या परत देऊन ये." मी रडकुंडीला आलो. त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. म्हणाले, "हे बघ, मला दिसत नाही म्हणून तर तुला आणलं. मला आवडेल ते सांगायला घरी तुझी आजी आहे."

पुढे मी शिक्षक होऊन १९७१ साली जळगावला आलो. पारोळा, एरंडोल मागे टाकत एस.टी.ने केलेला तो प्रवास म्हणजे माझी विलायत. जळगावात हिवाळी क्रिकेटचे वेड मोठे. कापसाच्या पेढ्या, शाळा, कचेऱ्या, साऱ्यांचे संघ. मॅटिंगची खेळपट्टी, कडेला मांडव, मांडवात खुर्च्या, आणि झाडाला बांधलेला कर्णा. एका वर्षी वर्णन करणारा गडी तापाने आडवा झाला आणि कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. तो चार वर्षे सुटला नाही.

सांगायला संकोच वाटतो, पण मी गाजलो. आजोबांनी घासून घेतलेली जीभ, त्यात शाळामास्तराचा खणखणीत आवाज. मी टोमणे मारू लागलो. लठ्ठ खेळाडू धावला की केळीची बैलगाडी आठवे, चष्मेवाला चुकला की भिंगे पुसायचा सल्ला देई. लोक खेळापेक्षा मला ऐकायला येऊ लागले. धुळ्याची गोष्ट मीच कधीतरी चहाच्या हॉटेलात सांगितली होती. तिचा वचपा म्हणून मलाच नाव पडले, तलवारखान. "काय भो तलवारखान, आज कोणाला कापणार?" असे लोक वाटेत अडवून विचारत. मी छाती फुगवून चालत असे. आपली तलवार कुणावर चालते आणि कुणावर म्यानात राहते, याचा हिशेब करायचे मात्र मला कधी सुचले नाही.

जानेवारी १९७५. क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडीज संघ भारतात होता. मद्रासला विश्वनाथने नाबाद ९७ केल्या त्या दिवसांत आमच्या मैदानावर निम्म्या लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर आणि उरलेल्यांच्या कानात मी, अशी वाटणी होती. आजी वारल्यानंतर आजोबा हिवाळ्यात माझ्याकडे येऊन राहत. त्या वर्षी बयाऐंशी वर्षांचे आजोबा रोज माझ्याबरोबर मैदानावर येत. मांडवाच्या कडेला त्यांची खुर्ची, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी.

उपांत्य सामन्यात एका साध्या संघाकडून एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा खेळत होता. पारोळ्याकडचा. पोटासाठी स्टँडजवळच्या हॉटेलात कपबशा उचलायचा. सीमेजवळ त्याच्याकडे एक उंच झेल आला आणि हातांतून सुटला. मी माइकवरून म्हणालो, "एका हातात आठ कप उचलणारा हा बहाद्दर, पण एक चेंडू काही उचलवेना! अहो, चेंडूत चहा भरून द्या कुणीतरी!" मैदान हसून लोळले. आजोबांची हनुवटी काठीवरून हलली नाही.

संध्याकाळी मी त्याच हॉटेलात चहाला गेलो. पोराने कप ठेवला आणि खाली बघत अहिराणीत म्हणाला, "सर, सूर्य डोयामा व्हता. चेंडू दिसनाच नही." सूर्य डोळ्यांत होता, एवढेच त्याचे म्हणणे. मला ते माइकच्या जागेवरून दिसायला हवे होते, नव्हे, दिसले होते. पण सूर्य डोळ्यांत होता म्हटल्यावर कोण हसणार?

तरीही त्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर होता तो ज्या शेठजींनी ढाल दिली होती, मांडव दिला होता, कर्ण्याचे भाडेही दिले होते, त्यांचाच संघ. शेठजींच्या संघाला जिंकायला एकतीस धावा हव्या होत्या आणि दोन गडी बाकी होते. खेळत होता शेठजींचा पुतण्या. त्याने पुढे येऊन फटका मारला. चेंडू खाली, वेगात मिडऑफकडे. तिथे तोच पोरगा. त्याने पुढे झेप घेतली, जमिनीपासून चार बोटांवर चेंडू उचलला आणि लोळण घेऊन हात वर केला.

मी अगदी समोर बसलो होतो. हातांखालची धूळदेखील हलली नव्हती. सारे मैदान ओरडले. पुतण्या मात्र जागचा हलला नाही. पंचाने मांडवाकडे पाहिले, मग मान हलवली. नाबाद.

मैदान गप्प झाले आणि सगळ्या माना कर्ण्याकडे वळल्या. दोन-अडीच हजार माणसांत निम्म्यांना चेंडू नीट दिसला नव्हता. माझ्या उजव्या हाताला शेठजी बसले होते. ते काही बोलले नाहीत. पानाचा डबा उघडत होते. वाचकहो, मला कुणी धमकावले नाही, कुणी खुणावलेही नाही. मी आपणहून माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "पंचांचा निर्णय अचूक. चेंडूचा टप्पा पडला होता."

पुतण्याने उरलेल्या धावा काढल्या. ढाल शेठजींच्याच घरी परत गेली. बक्षीस समारंभात मलाही एक पितळी कप मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री जेवताना आजोबांनी भाकरी मोडता मोडता विचारले, "झेल होता ना रे?"

मी म्हटले, "टप्पा पडला होता."

"टप्पा पडला असता तर लोक आधी हळहळले असते. लोक आधी ओरडले, मग गप्प झाले, आणि मग तू बोललास." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "उद्यापासून मी घरीच बसेन. मैदानावर येऊनही दिसत नसेल, तर ऊन कशाला खायचं?"

उद्या सामना नव्हताच. हंगाम संपला होता. पण ते वाक्य वर्षभर माझ्या पानात वाढलेले राहिले. चहावाल्या पोरासमोर वाघ आणि शेठजींसमोर मांजर! धुळ्याच्या ओट्यावर ज्याचे नाव तलवारखान पडले, त्याने वर कापले होते. मी खाली कापत होतो आणि तेच नाव लावून हिंडत होतो. फटकळपणा आणि स्पष्टपणा ही एकाच आईची लेकरे दिसतात खरी. पण एक नेहमी गरिबाच्या दारात भांडते आणि दुसरे सावकाराच्या दारात उभे राहते. त्यावरून त्यांना ओळखावे.

पुढच्या वर्षीचा जानेवारी आला. आणीबाणीचा काळ. सारा देशच जपून आणि गोड बोलत होता, रेडिओ तर विशेष गोड. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मी आजोबांना हाताला धरून, जवळजवळ ओढून, मैदानावर नेले. स्वागताची वाक्ये म्हटली आणि त्याच दमात म्हणालो, "गेल्या वर्षी अंतिम सामन्यात मिडऑफला घेतलेला झेल स्वच्छ होता. मी चेंडूचा टप्पा पडल्याचे सांगितले. ते खोटे होते. मला समोर दिसत होते." घसा कोरडा पडला होता, त्यामुळे याहून अधिक काही सुचले नाही. ते बरेच झाले.

लगेच काही घडले नाही. दुपारी चहाच्या वेळी कार्यकर्ते आले, "सर, तुमचा घसा बसलेला दिसतो, विश्रांती घ्या," म्हणाले आणि माइक दुसऱ्याच्या हातात गेला. तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. मी तडक हॉटेलात गेलो. मालक म्हणाला, पोरगा दिवाळीनंतर सुरतेला गेला, कापडाच्या गिरणीत लागला. आमच्या खानदेशातून सुरतेला गेलेली माणसे सणासुदीला परततात. तो परतला असेलही. मला भेटला नाही. ज्याच्यासाठी बोललो, तो सोडून दोन हजार माणसांनी ते ऐकले.

घरी येऊन मी आजोबांना म्हटले, "माइक गेला."

"म्हणजे रविवार मोकळा झाला," ते म्हणाले. "चल मग मैदानावर. मला सांग काय चाललंय ते." पुढची दोन वर्षे, ते असेपर्यंत, मी त्यांच्या एकट्यासाठी वर्णन करीत होतो. एवढा कडक श्रोता मला चार वर्षांच्या कीर्तीत मिळाला नव्हता.

त्यानंतर खूप आवाज ऐकले. पुण्याचे बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगत, तेव्हा पायचीत, त्रिफळा, यष्टिरक्षक हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचले, आणि आमच्या ओट्यासारख्या हजारो ओट्यांची दुभाष्याची गरज संपली. २०१५ साली ते गेले. वि. वि. करमरकरांनी १९६२ पासून 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाला मराठीत हक्काची जागा मिळवून दिली आणि तिथून पदाधिकाऱ्यांना खडे बोल सुनावले. २०२३ साली तेही गेले. विलायतेत बी.बी.सी.चे जॉन आर्लट, पूर्वाश्रमीचे पोलीस शिपाई. १९७० साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला यायचा होता, तेव्हा या दौऱ्याचे वर्णन मी करणार नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले. पुढे दौराच रद्द झाला. तल्यारखान आणि आर्लट एकमेकांशी कधी बोलले असतील-नसतील. पण दोघांनी एकच धडा गिरवला होता.

आता दूरचित्रवाणीवर एका सामन्याला डझनभर समालोचक असतात, आणि पुष्कळदा त्यांचा करार ज्यांचा खेळ त्यांच्याशीच असतो. २०१६ साली हर्षा भोगले यांना आय.पी.एल.च्या समालोचनातून आणि २०२० साली संजय मांजरेकर यांना मंडळाच्या समालोचकांतून वगळले गेले. कारणांच्या खोलात मी जात नाही. पण असे काही वाचले की मला मांडवातला पानाचा डबा उघडल्याचा आवाज येतो. कुणी काही बोलत नाही. माणूस आपणहूनच माइक तोंडाशी नेतो.

तुम्ही म्हणाल, आता चित्र समोर दिसते, मग समालोचक खरे बोलला काय आणि न बोलला काय? तसे नाही. पडद्यावर जे दाखवतात तेच दिसते. मैदानाबाहेर बसलेला प्रत्येकजण थोडाफार आमच्या आजोबांसारखाच आहे. कुणाच्या तरी नजरेवर विसंबून. फरक इतकाच, की गर्दी आधी ओरडली की आधी हळहळली, हे ऐकण्याइतका कान त्यांना होता. तो कान तेवढा घरोघर जपला जावा.

सौ. अजून कप हातात धरून उभ्या होत्या. मी म्हटले, "मोडीत घाला." त्यांनी तो भांड्यांच्या दुकानात दिला आणि थोडे पैसे वर घालून आमटीची पळी आणली. पळी चांगली आहे. यंदाच्या दिवाळीत तुमच्याही माळ्यावरून असे काही घरंगळले, तर त्याला उगाच घासत बसू नका.

आणि एक विनंती. हा अंक खानदेशातून सुरतेलाही जातो. तिथे कुणाच्या शेजारी सत्तरीला टेकलेले, पारोळ्याकडचे, तरुणपणी जळगावच्या हॉटेलात काम केलेले गृहस्थ राहत असतील, तर फराळाचे ताट देताना त्यांना माझा निरोप सांगा. दादा, सूर्य डोळ्यांत होता, हेही खरे. आणि अंतिम सामन्यातला तो झेल होता.